मानवाकृती यंत्रमानवाचे मूल्यमापन

डोके, धड, दोन हात व बहुधा दोन पाय अशी मनुष्यदेहासारखी रचना असलेल्या आणि संगणकाच्या नियंत्रणाखाली हालचाली करणाऱ्या यंत्रास मानवाकृती यंत्रमानव असे म्हणतात. असे यंत्र कारखान्यातील एखाद्या कामास किंवा प्रयोगशाळेतील संशोधनास कितपत योग्य आहे, हे मोजमापाने ठरविणे म्हणजे त्याचे मूल्यमापन होय. यंत्र मनुष्यासारखे किती दिसते, हा या मूल्यमापनाचा विषय नव्हे. नेमून दिलेले काम ते नेमून दिलेल्या परिस्थितीत किती तास, किती चुका करून व किती मानवी मदत घेऊन पार पाडते आणि तेच काम करणाऱ्या इतर साधनांच्या तुलनेत ते कसे ठरते, हे यात पाहिले जाते. औद्योगिक उपयोग व संशोधन यांसाठी लागणारे निकष बरेचसे भिन्न असून एका उपयोगास उत्तम ठरलेले यंत्र दुसऱ्यास निरुपयोगी ठरू शकते.

मूल्यमापनाची गरज : मानवी आकृती पाहणाऱ्याची सहज दिशाभूल करते. मनुष्य एक पेला उचलू शकत असेल, तर तो वाटी, पुस्तक वा हातोडाही उचलू शकेल, असे अनुमान आपण नकळत करतो. मनुष्याच्या बाबतीत ते बरोबर असते. यंत्राच्या बाबतीत ते बरोबर असेलच असे नाही. ठरावीक पेला ठरावीक जागेवरून उचलणारे यंत्र, पेला थोडा बाजूला सरकविला असता अपयशी ठरू शकते. शिवाय दिसणारी हालचाल यंत्राच्या स्वतःच्या निर्णयाने होत आहे की नाही, हेही केवळ पाहून कळत नाही. व्हिएन्ना येथे व्होल्फगांग फोन केंपेलेन यांनी १७७० मध्ये दाखविलेला बुद्धिबळ खेळणारा यंत्रपुरुष अनेक दशके यूरोपात गाजला. प्रत्यक्षात त्याच्या पेटीत एक कुशल खेळाडू लपलेला असे. आधुनिक प्रात्यक्षिकांतही दूर बसलेला चालक यंत्राचे हात हालवीत असणे किंवा चित्रफीत मूळ वेगापेक्षा अधिक वेगाने दाखविलेली असणे शक्य असते. म्हणून निर्णय कोण घेत आहे, वेग खरा आहे काय आणि हे यश कितव्या प्रयत्नात मिळाले, हे तीन प्रश्न मूल्यमापनाच्या आरंभीच विचारावे लागतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ‘रोबॉट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर. यू. आर. या नाटकामुळे रूढ झाला. नाटकातील हे कृत्रिम कामगार मनुष्यासारखेच होते. तथापि उद्योगात प्रत्यक्ष आलेला पहिला यंत्रमानव मानवाकृती नव्हता. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या न्यू जर्सी राज्यातील कारखान्यात १९६१ मध्ये बसविलेला ‘युनिमेट’ म्हणजे जमिनीला जखडलेला एक यांत्रिक हात होता व तो तप्त ओतीव भाग हाताळण्याचे काम करी. त्याचे यश त्याच्या आकारात नसून कामाच्या नेमकेपणात होते.

मानवाकृती यंत्रमानवांचा विकास मुख्यत्वे जपानमध्ये झाला. टोकिओच्या वासेडा विद्यापीठात इचिरो काटो यांच्या मार्गदर्शनाखाली १९७३ मध्ये ‘वाबॉट-१’ हा पूर्णाकृती यंत्रमानव तयार झाला. होंडा कंपनीने १९९६ मध्ये जाहीर केलेला ‘पी-२’ हा १८२ सेंमी. उंच व २१० किग्रॅ. वजनाचा असून तो बाहेरील तारांच्या आधाराविना चालू शके. त्याच मालिकेतील ‘आसिमो’ (२०००) जगभर लोकप्रिय झाला.

या प्रगतीची कसोटी अनपेक्षित रीतीने लागली. मार्च २०११ मध्ये भूकंप व त्सुनामी यांमुळे जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. तेथील इमारतींत मनुष्यास जाणे धोक्याचे होते. जिने, दरवाजे व झडपा मात्र मनुष्याच्या मापाच्या होत्या. मानवाकृती यंत्रमानवाने जावे अशीच ही जागा होती. प्रत्यक्षात एप्रिल २०११ मध्ये अणुभट्टीच्या इमारतींत प्रथम शिरले ते साखळीपट्ट्यांवर चालणारे ‘पॅकबॉट’ हे बुटके अमेरिकी यंत्र. रंगमंचावर धावणाऱ्या व जिने चढणाऱ्या मानवाकृती यंत्राची किरणोत्सर्ग, अंधार, ढिगारा व तुटक संदेशवहन या परिस्थितीसाठी तयारी झालेली नव्हती. प्रात्यक्षिक व उपयुक्तता यांतील अंतर या घटनेने जेवढे स्पष्ट केले, तेवढे अन्य कोणत्याही चाचणीने केले नसेल. आसिमोची टोकिओतील विज्ञान संग्रहालयातील नियमित प्रात्यक्षिके मार्च २०२२ मध्ये बंद झाली.

फुकुशिमाच्या अनुभवातूनच अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या ‘दार्पा’ या संस्थेने यंत्रमानवांची एक स्पर्धा आयोजित केली. तिची अंतिम फेरी ५ व ६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झाली. वाहन चालविणे, त्यातून उतरणे, दार उघडणे, झडप फिरविणे, भिंतीला भोक पाडणे, ऐन वेळी सांगितलेले एक काम करणे, ढिगारा ओलांडणे व जिना चढणे ही आठ कामे एका तासात करावयाची होती. संदेशवहन मुद्दाम तुटक ठेवले होते आणि पडणाऱ्या यंत्राला सावरण्यास वरून दोर नव्हता. पुष्कळ यंत्रे दाराशी, वाळूत वा पायरीवर कोसळली. दक्षिण कोरियाच्या संघाचा ‘हुबो’ ४४ मिनिटे २८ सेकंदांत सर्व कामे करून पहिला आला. त्याच्या गुडघ्यांना चाके होती व शक्य तेथे तो गुडघे टेकून चाकांवरून जाई. तिसऱ्या क्रमांकाचे यंत्र हातापायांवरील साखळीपट्ट्यांवर चाले. दुसऱ्या क्रमांकाचे यंत्र तेवढे केवळ दोन पायांवर चालणारे होते.

आकाराची आवश्यकता : वरील उदाहरणांवरून मूल्यमापनातील पहिला तांत्रिक प्रश्न निघतो, तो म्हणजे या कामासाठी मानवी आकार खरोखरच हवा काय? मनुष्याच्या मापाने बांधलेल्या जागेत फेरफार न करता काम करता यावे, हे या आकाराच्या बाजूचे मुख्य कारण होय. जिने, अरुंद वाटा, खांद्याच्या उंचीवरील फळ्या व हातात धरावयाची हत्यारे असतील, तर या म्हणण्यात तथ्य आहे. सपाट फरशीच्या कारखान्यात मात्र पायांऐवजी चाके स्वस्त, स्थिर व कमी ऊर्जा घेणारी ठरतात. काम जागचे असेल, तर पाय मुळीच नकोत. अवकाशस्थानकावर २०११ मध्ये पाठविलेला ‘रोबोनॉट-२’ प्रथम धड व हात एवढाच होता. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने गगनयान मोहिमेच्या मानवविरहित उड्डाणासाठी तयार करून जानेवारी २०२० मध्ये बंगळूर येथे दाखविलेली ‘व्योममित्र’ हीदेखील पायविरहित अर्धाकृती आहे. कामास आवश्यक तेवढाच देह द्यावा, हे तत्त्व या दोन्हींत दिसते.

चाल व तोल : दोन पायांवर उभे असलेले यंत्र सतत पडण्याच्या बेतात असते. त्याचा गुरुत्वमध्य उंच व आधाराचा पाया लहान असतो. यंत्राचे वजन व हालचालीमुळे निर्माण होणारी जडत्व प्रेरणा यांचा एकत्रित परिणाम जमिनीवरील ज्या बिंदूशी उलथविणारे परिबल निर्माण करीत नाही, त्यास शून्य परिबल बिंदू म्हणतात. हा बिंदू तळपायांच्या आधारक्षेत्रात राहील अशा बेताने पावले टाकली, तर यंत्र पायाच्या कडेवर कलंडत नाही. ही संकल्पना बेलग्रेडचे शास्त्रज्ञ मिओमिर वुकोब्राटोव्हिच यांनी मांडली व पुढील अनेक यंत्रमानवांच्या चालीचा ती आधार ठरली.

चाचणीत केवळ सपाट जमिनीवरील वेग मोजून भागत नाही. ठरावीक जोराचा धक्का कोणत्या बाजूने दिला असता यंत्र सावरते, पायाखाली लहान अडथळा आला असता काय होते, हातात वजन असताना चाल किती बदलते आणि पडल्यावर यंत्र स्वतः उठते काय, हे पाहतात. ऊर्जेचा खर्चही महत्त्वाचा असतो. तो मोजण्यासाठी खर्च झालेल्या ऊर्जेस यंत्राचे वजन व कापलेले अंतर यांच्या गुणाकाराने भागतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत हे गुणोत्तर मनुष्याच्या चालीसाठी सु. ०·२, तर आसिमोसाठी अंदाजे ३·२, म्हणजे सोळापट होते. बीजिंग येथे १९ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या अर्ध-मॅरॅथॉन शर्यतीत २१ यंत्रमानव उतरले होते. त्यांतील पहिल्या यंत्राने २ तास ४० मिनिटे ४२ सेकंदांत अंतर पूर्ण केले, परंतु त्यासाठी विद्युत् घटमाला तीनदा बदलाव्या लागल्या. सांधे किती तग धरतात, हे अशा शर्यतीतून कळते. यंत्र कारखान्यात काय करू शकेल, हे कळत नाही.

हात व हाताळणी : औद्योगिक यांत्रिक हाताची गुणवत्ता अचूकता व पुनरावर्तनक्षमता या दोन मापांनी सांगतात. सांगितलेल्या बिंदूच्या किती जवळ हात पोहोचतो, ही अचूकता. आणि पुन:पुन्हा पाठविला असता तो प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी किती येतो, ही पुनरावर्तनक्षमता. जखडलेल्या यांत्रिक हाताची पुनरावर्तनक्षमता मिलिमीटरच्या अंशात असते. मानवाकृती यंत्रमानवात पाय, कंबर, खांदा व मनगट अशी सांध्यांची लांब साखळी असल्याने प्रत्येक सांध्यातील सूक्ष्म सैलपणाची बेरीज बोटांच्या टोकाशी होते. ही उणीव कॅमेरे व स्पर्शसंवेदक यांच्या साह्याने हालचाल चालू असतानाच दुरुस्त करावी लागते.

उत्पादकाने सांगितलेली वजन उचलण्याची क्षमताही तपासून घ्यावी लागते. हात शरीराजवळ असताना उचललेले व हात पूर्ण पसरून धरलेले वजन यांत मोठा फरक असतो; तसेच ते वजन क्षणभर उचलता येणे आणि मोटर न तापता तासभर उचलत राहणे, या भिन्न गोष्टी होत. पकडण्याच्या चाचण्या परस्परांशी तुलनीय व्हाव्यात म्हणून घरगुती व हत्यारी वस्तूंचे प्रमाणित संच वापरतात. यांपैकी ‘वायसीबी’ हा अमेरिकी विद्यापीठांनी २०१५ मध्ये पुढे आणलेला संच प्रसिद्ध आहे.

विश्वसनीयता : एखादे काम करता येणे व ते दिवसभर न चुकता करता येणे यांतील अंतर साध्या गणिताने दाखविता येते. एका कामाचे वस्तू शोधणे, पकडणे, नेणे व ठेवणे असे चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा शंभरांतून नव्व्याण्णव वेळा यशस्वी होतो, असे मानू. संपूर्ण काम यशस्वी होण्याची संभाव्यता ०·९९ चा चौथा घात, म्हणजे सु. ०·९६ येते. एका आवर्तनास ९० सेकंद लागत असतील, तर आठ तासांच्या पाळीत ३२० आवर्तने होतात व त्यांपैकी बारा-तेरा फसतात. प्रत्येक वेळी तंत्रज्ञास दहा मिनिटे द्यावी लागली, तर दोन तासांहून अधिक वेळ यंत्राची अडचण सोडविण्यात जातो. पाहुण्यांसमोर चार वेळा बिनचूक झालेल्या प्रात्यक्षिकात यातील काहीच दिसत नाही.

अपयश न दिसणे म्हणजे अपयश नसणे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते. सांख्यिकीच्या एका सोप्या नियमानुसार ठरावीक संख्येच्या स्वतंत्र चाचण्यांत एकही अपयश आले नाही, तर ३ ला त्या संख्येने भागून येणारा अंक ही अपयशाच्या प्रमाणाची वरची मर्यादा ९५ टक्के खात्रीने सांगता येते. शंभर निर्दोष चाचण्यांनंतरही शेकडा तीन अपयशांची शक्यता उरते. हे प्रमाण हजारी एकपेक्षा कमी आहे असे म्हणावयाचे, तर तीन हजार निर्दोष आवर्तने दाखवावी लागतात.

घटमालेचा हिशेबही विश्वसनीयतेचाच भाग होय. दोन तास काम व एक तास भारण असा क्रम असेल, तर यंत्र चोवीस तासांपैकी सोळा तासच उपलब्ध असते व दोन यंत्रांच्या अखंड कामासाठी तीन यंत्रे घ्यावी लागतात.

सुरक्षितता : सर्वसाधारण कारखानी यंत्र धोक्याच्या वेळी वीज तोडून थांबविता येते. स्वतः तोल सांभाळणाऱ्या यंत्रमानवाची वीज तोडली, तर तो थांबत नाही, कोसळतो. हाच त्याच्या सुरक्षिततेतील मूलभूत प्रश्न आहे. ६० किग्रॅ. वजनाच्या यंत्राचा गुरुत्वमध्य पडताना ८० सेंमी. खाली आला, तर सु. ४७० जूल ऊर्जा मुक्त होते. १० किग्रॅ. वजन पावणेपाच मीटरांहून अधिक उंचीवरून पडावे, तेवढीच ही ऊर्जा असते. म्हणून तातडीची कळ दाबल्यावर यंत्र प्रथम खाली बसते की तत्काळ निपचित होते, त्यास किती वेळ लागतो आणि एका सांध्याची मोटर बंद पडली असता ते कोणत्या दिशेने पडते, या चाचण्या अनिवार्य समजाव्या लागतात.

औद्योगिक यंत्रमानवांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ १०२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक असून २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मनुष्याशेजारी काम करणाऱ्या यंत्रांचा शरीराच्या निरनिराळ्या भागांवर किती दाब चालेल, याच्या मर्यादा २०१६ च्या एका पूरक विनिर्देशात दिल्या होत्या. तोल सांभाळणाऱ्या यंत्रांसाठी वेगळे मानक तयार करण्याचे काम २०२५ मध्ये चालू होते. स्वतंत्र मानकाच्या अभावी अशी यंत्रे कामगारांपासून वेगळ्या केलेल्या क्षेत्रातच ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. मात्र मनुष्याच्या जागेत मनुष्याशेजारी काम करता येणे हा मानवाकृतीचा मुख्य लाभ अशा विलगीकरणाने बराचसा नाहीसा होतो, हेही मूल्यमापनात नोंदविले पाहिजे.

औद्योगिक उपयोग : आजवरचे औद्योगिक उपयोग सोप्या व एकसुरी कामांपुरते आहेत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका गोदामात २०२४ पासून ‘डिजिट’ या यंत्रमानवाकडे भरलेल्या पेट्या उचलून वाहकपट्ट्यावर ठेवण्याचे काम देण्यात आले. साउथ कॅरोलायना राज्यातील बीएमडब्ल्यू कारखान्यात ‘फिगर ०२’ या यंत्रमानवाने पत्र्याचे भाग वेल्डिंगच्या फिक्श्चरमध्ये बसविण्याचे काम केले. निर्मात्या कंपनीने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तेथे अकरा महिन्यांत १,२५० तासांहून अधिक काम झाले, ९०,००० हून अधिक भाग बसविले गेले आणि ३०,००० हून अधिक मोटारगाड्यांच्या निर्मितीस हातभार लागला.

अशी माहिती वाचण्याची रीत महत्त्वाची आहे. मोटारगाड्यांची संख्या मोठी वाटली, तरी तिच्यावरून यंत्राविषयी काही कळत नाही, कारण प्रत्येक गाडीवर असंख्य इतर यंत्रांनी व माणसांनीही काम केलेले असते. तासांची संख्या मात्र बोलकी आहे. महिन्यास २२ दिवस व दिवसास आठ तास धरले, तर अकरा महिन्यांत एका पाळीचे १,९०० हून अधिक तास भरतात. म्हणजे हे काम एका कामगाराच्या पाळीच्या सु. दोन-तृतीयांश होते. यंत्रातील बिघाडांचे प्रमुख स्थान कोपरापुढील हात हे होते, ही त्याच कंपनीने दिलेली कबुली ग्राहकाच्या दृष्टीने गाड्यांच्या संख्येपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

उद्योगाने अखेर एका निर्दोष आवर्तनाचा खर्च काढावयाचा असतो. त्यात खरेदी, देखभाल, सुटे भाग, वीज, देखरेख करणारा तंत्रज्ञ, दूरनियंत्रकाचा वेळ व यंत्र बंद राहिल्याने होणारे नुकसान हे सर्व धरावे लागते. नंतर त्याची तुलना तीन पर्यायांशी करावी : काम करीत असलेला मनुष्य, जखडलेला यांत्रिक हात आणि चाकांच्या गाड्यावर बसविलेला यांत्रिक हात. केवळ मनुष्याशी तुलना केल्यास मानवाकृती यंत्र फायद्याचे भासू शकते. इतर दोन पर्याय पुढे ठेवल्यावर चित्र पुष्कळदा बदलते.

संशोधनातील उपयोग : संशोधकास न बिघडणारे यंत्र हवेच, पण त्याहून अधिक त्यास उघडून पाहता येणारे यंत्र हवे असते. सांध्यांतील परिबलाचे मापन मिळते काय, मोटरला थेट आज्ञा देता येते काय, आज्ञावलीत बदल करण्याची मुभा आहे काय, यंत्राचे गणिती प्रतिरूप उपलब्ध आहे काय आणि संगणकातील सदृशीकरणात जमलेली चाल प्रत्यक्षात कितपत उतरते, हे येथील मुख्य निकष होत. इटलीतील जेनोआ येथे विकसित झालेला १०४ सेंमी. उंचीचा ‘आयकब’ हा बालकाएवढा यंत्रमानव याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे आराखडे व आज्ञावल्या सर्वांस खुल्या असल्याने निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांना एकमेकींचे प्रयोग पडताळून पाहता येतात. यंत्रमानवांच्या ‘रोबोकप’ या फुटबॉल स्पर्धेतील एका विभागात २००८ पासून सर्व संघांना ५८ सेंमी. उंचीचा ‘नाओ’ हा एकच यंत्रमानव वापरावयास लावल्याने तुलना देहाची न होता आज्ञावलीची होऊ लागली.

मात्र त्याच नाओची निर्माती फ्रेंच कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीत सापडली. निर्मात्याची आर्थिक स्थिती व सुट्या भागांचा पुरवठा हेही म्हणूनच संशोधनसंस्थेने पाहावयाचे निकष ठरतात. किंमत हा दुसरा फसवा निकष आहे. चीनमधील युनिट्री कंपनीने २०२४ मध्ये सु. १३० सेंमी. उंच व ३५ किग्रॅ. वजनाचा ‘जी-१’ हा यंत्रमानव १६,००० डॉलरपासून पुढे अशा, पूर्वीच्या मानाने फार कमी किंमतीस विक्रीस आणला. परंतु त्याच्या मूळ प्रकारात स्वतःची आज्ञावली घालण्याची सोय नव्हती. ती असलेला प्रकार वेगळा व महाग होता. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या महाविद्यालयाने हा भेद न पाहता खरेदी केली, तर प्रयोगशाळेत संशोधनाच्या साधनाऐवजी समारंभातील शोभेची वस्तू येते.

मूल्यमापनाची पद्धती : प्रथम कामाचे वर्णन यंत्राचा उल्लेख न करता लिहून काढावे : वस्तूचे वजन, जागा, उजेड, वेग, चालणाऱ्या चुकांचे प्रमाण व आसपासची माणसे. त्यानंतर यंत्राची चाचणी विक्रेत्याच्या जागेत न घेता प्रत्यक्ष कामाच्या जागेत व किमान काही पूर्ण पाळ्या घ्यावी. वस्तू सरकविणे, दिवा मंद करणे, संदेशवहन खंडित करणे असे अडथळे पूर्वसूचनेवाचून आणावेत. प्रत्येक अपयश, प्रत्येक मानवी हस्तक्षेप व दूरनियंत्रणाचे प्रत्येक मिनिट नोंदवावे. फसलेल्या चाचण्या वगळू नयेत. ज्या कामगारांना यंत्राशेजारी काम करावयाचे आहे, त्यांचे मत आरंभापासून घ्यावे, कारण कामातील बारकावे व धोक्याच्या जागा त्यांनाच नेमक्या ठाऊक असतात आणि यंत्र कोसळल्यास इजा त्यांनाच होणार असते.

अशा रीतीने केलेल्या मूल्यमापनाचा निष्कर्ष ‘यंत्र चांगले’ वा ‘यंत्र वाईट’ असा एका शब्दात येत नाही. अमुक काम अमुक परिस्थितीत अमुक प्रमाणात करण्यास ते योग्य आहे, असा मर्यादित निष्कर्षच त्यातून निघतो. वापर करणाऱ्यास याच निष्कर्षाचा उपयोग होतो आणि निर्मात्यास पुढील सुधारणेची दिशाही त्यावरूनच मिळते.